चौदा चुली आणि एक कावळा

कावळा आला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर कॉलनीत भलतंच पसरलं. साडेनऊलाच आला होता. एक नाही, तीन आले होते. दशक्रियेच्या ओट्यामागे कंपाउंडची भिंत आहे, तिच्यावर तिघेही ओळीने बसले होते आणि आमच्या पिंडाकडे पाठ करून पलीकडच्या लिंबाकडे बघत होते. मी जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागात तेहेतीस वर्षं काढली आहेत. समोर माणूस कागद घेऊन उभा असताना त्याच्याकडे पाठ करून कसं बसायचं, हे मला कुणी शिकवायला नको. पण स्वतः कागद घेऊन उभं राहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

वच्छलाला जाऊन दहा दिवस झाले होते. वच्छला माझी बायको. पस्तीस वर्षांचा आमचा संसार. सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना ती पायरीवर टेकली, ती उठलीच नाही. मी वर पेपर वाचत होतो. दूध अजून कसं आलं नाही म्हणून मी वरूनच दोनदा हाक मारली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

तर कावळा शिवेना. आमच्याकडे अशी समजूत आहे की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग जवळच्यांनी हात जोडून, ती इच्छा पुरी करतो, असा शब्द द्यायचा. आमचा दिग्विजय पुण्याहून आलेला, मुंडण करून ओट्यावर बसलेला. त्याने पहिला शब्द दिला की पिंकीच्या लग्नाची काळजी करू नकोस, मी बघतो. पिंकी म्हणजे त्याची बहीण. ती तिथेच उभी होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं, कारण लग्न करायचं नाही हे ती आईला आणि आम्हाला तीन वर्षं सांगत होती. कावळे हलले नाहीत. मग मी पुढे होऊन म्हणालो की बाथरूमचा नळ दुरुस्त करून घेतो. चार वर्षं गळतोय तो. एका कावळ्याने मान वळवली, पण त्याला पंखाखाली खाजवायचं होतं.

आमचे वरच्या मजल्यावरचे पंचाक्षरी लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात, कावळ्याचा कुठे संबंधच येत नाही. तरी सगळ्यात जास्त सल्ले त्यांचेच. पान पूर्वेला सरकवा, बायकांना मागे घ्या, भजी वर ठेवा. मी भजी वर ठेवली, बायकांना मागे घेतलं, स्वतः पुढे जाऊन दोन्ही हातांनी कावळ्यांना खुणावलं. कावळे भिंतीवरून उठून लिंबावर गेले. पंचाक्षरी म्हणाले, आता जरा थांबून बघू.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. बारा वाजता त्यांना दुसऱ्या एका घरचं कार्य होतं. ते मऊ आवाजात म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात तशी सोय आहे. सोय म्हणजे काय असतं ते मी नोकरीत बघितलेलं आहे. काम झालं नाही तरी झालं असं लिहायचं. तळमजल्यावरच्या आजींना गेल्या वर्षी कावळा दोन मिनिटांत शिवला होता आणि त्यांचा मुलगा हे अजून सोसायटीच्या बैठकीत या ना त्या निमित्ताने काढतो. माझ्या बायकोला गवताचा कावळा, हे मला सहन होणारं नव्हतं. पण लोकांचं एक वेळ जाऊ द्या. मलाच कळायला हवं होतं की ती माझ्यावर काही राग धरून गेली की काय. दहा दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात बाळाबाई पुढे आल्या. बाळाबाई आमच्या दाराला दार लागून राहतात. मूळच्या मंद्रूपच्या, आणि वच्छलाच्या अगदी जिवाभावाच्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भावजी, त्या फूड हॉलचं ऱ्हायलंय की तिचं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, तेव्हा लक्षात आलं की माझ्या चपला कुणीतरी घालून गेलं आहे.

फूड हॉलचं असं होतं. गेल्या दिवाळीत आमच्या कॉलनीपासून दोन किलोमीटरवर, एका बंद कापडगिरणीच्या गोदामात हे ‘चौदा चुली’ नावाचं प्रकरण उघडलं. एका मोठ्या छपराखाली चौदा गाळे, चौदा निरनिराळे मालक, मधे टेबलं. आपण पाहिजे त्या गाळ्यावरून पाहिजे ते घ्यायचं आणि मधे बसून खायचं. वच्छला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, एकदा जाऊन येऊ. मी म्हणालो, गर्दी ओसरू दे. गर्दी ओसरली तेव्हा म्हणालो, थंडी आहे. संक्रांतीला म्हणालो, ज्याला घरी खायला मिळत नाही त्याने जावं, आणि आपल्याकडे काय कमी आहे. हे मी तिची तारीफ म्हणून बोललो होतो. फेब्रुवारीपासून तिने विषय काढला नाही. मी समजलो, विसरली. ऑफिसातही माझा हाच अनुभव होता की प्रकरण तीन महिने पडून राहिलं की माणूस विसरतो.

तर ठरलं असं की फूड हॉलमधला एखादा पदार्थ आणून पिंडाशेजारी ठेवायचा. पंचाक्षरी लगेच स्कूटर काढायला गेले. गुरुजी म्हणाले, पावणेबारापर्यंत थांबतो, पुढे मात्र दर्भ. पिंकीने वच्छलाचा मोबाइल माझ्या हातात दिला, कारण माझा साधा फोन घरी राहिला होता आणि रस्त्यात काही लागलं तर म्हणून. तो फोन उघडायला बोटाने कसलीशी नक्षी काढावी लागते. ती नक्षी वच्छलाबरोबर गेली होती.

आम्ही अकराला पाच कमी असताना पोचलो. मी अनवाणी, कपाळाला गोपीचंदन, पांढरा सदरा खालून ओला. दारावरच्या सुरक्षारक्षकाने मला नीट बघून घेतलं आणि पंचाक्षरींना सांगितलं की इथे मागायला परवानगी नाही. तेहेतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय शाळामास्तरांच्या बदल्या अडत होत्या, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. पंचाक्षरी म्हणाले, “मागायला नाही हो, यांच्या घरी वारलंय.” रक्षकाने विचार केला आणि म्हणाला, तरी चप्पल लागेल. शेवटी पंचाक्षरींनी आपली चप्पल मला दिली आणि स्वतः स्कूटरवर पाय वर घेऊन बसून राहिले. त्यांचे पाय सहा नंबरचे, माझे नऊ नंबरचे. त्या चपलेबाहेर टाचा ठेवून मी आयुष्यात पहिल्यांदा फूड हॉलमध्ये शिरलो.

सुतकात परक्याच्या दाराला हात लावू नये, ही चिंता मला वाटेत होती. पण ते दार काचेचं निघालं आणि आपलं आपण उघडलं. तेवढं एक काम त्या दिवशी नियमात बसलं.

आत अजून टेबलं पुसणं चाललं होतं. वर जुन्या मागांचे धोटे टांगलेले होते आणि त्यांच्यातून दिवे सोडले होते. मी समोरच्या पहिल्या गाळ्यावर जाऊन रोख पैसे पुढे केले. तिथल्या माणसाने मला कोपऱ्यातल्या काउंटरकडे पाठवलं. काउंटरवर शिवकुमार नावाचा मॅनेजर होता. त्याच्या छातीवर तसं लिहिलंच होतं. त्याने सांगितलं की इथे रोख चालत नाही, आधी कार्ड करायचं, कार्डासाठी मोबाइल नंबर लागतो आणि नंबरवर ओटीपी येतो. मी म्हणालो, मला फक्त एक पदार्थ बांधून पाहिजे. तो म्हणाला, पार्सल बारा वाजल्यावर सुरू होतं, सर, त्याआधी इथेच बसून खायचं. मी विचारलं, बारालाच का? तो म्हणाला, “रूल हाय सर, वरनं आलेला.” हेच वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलेलं होतं, आणि ते काउंटरच्या या बाजूला किती वाईट ऐकू येतं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

माझा नंबर सांगितला, पण फोन घरी. मग वच्छलाचा सांगितला. शिवकुमारने आकडे दाबले, पडद्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“वच्छला मॅडम का? मग आधी सांगायचं की सर. गोल्ड कार्ड हाय मॅडमचं. सतरा व्हिजिट झाल्यात.”

मी म्हणालो, दुसरी कुणी वच्छला असेल. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. माझी बायको त्यात हसत होती, पिवळ्या साडीत, मागे टांगलेले धोटे. पहिली भेट फेब्रुवारीतली. पुढच्या सगळ्या बुधवारच्या. बुधवारी अकरा ते एक ती बाळाबाईंबरोबर भजनी मंडळात जायची. माझं ताट झाकून ठेवून जायची आणि मी दर बुधवारी संध्याकाळी न चुकता म्हणायचो की आज भाजी गार होती.

मला आधी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला राग आला. सतरा वेळा ही बाई मला गार भाजी घालून इथे येऊन बसली आणि तोंडातून एक शब्द नाही. आणि त्या रागाच्या मागोमाग दुसरी गोष्ट ध्यानात आली, ती जास्त वाईट होती. ती इथे सतरा वेळा येऊन गेली असेल, तर इथली तिची काही इच्छा राहिलेली नव्हती. मग कावळा कशासाठी अडला होता? शिवकुमार म्हणाला, फोन द्या, चार्जिंग संपत आलंय, ओटीपी आला की बघतो. मी फोन त्याच्या हातात दिला आणि विचारलं की मॅडम कुठल्या गाळ्यावर खायच्या. त्याने सात नंबर दाखवला.

सात नंबरच्या गाळ्यावर खडूने लिहिलेली पाटी होती. तिच्यावर पहिलंच नाव होतं, ‘हुलगा पास्ता, वच्छलाकाकू स्पेशल’. गाळ्यावर तिशीच्या आतली एक मुलगी, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तिने माझ्याकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं, पायांकडे बघितलं आणि म्हणाली, “तुम्ही काका ना? काकूंनी फोटो दाखवलाय तुमचा. बसा, मी आणते.”

तिचं नाव इफ्रा. तिने बोट केलं त्या कोपऱ्यात दोघांचं लहान टेबल होतं. ती म्हणाली की काकू भिंतीकडच्या खुर्चीवर बसतात आणि समोरची खुर्ची कुणाला देत नाहीत, बाळाबाईंनासुद्धा बाजूला तिसरी खुर्ची ओढून बसावं लागतं. मला बोलायला अवधी न देता तिने मला त्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. मी मनात बेत केला की ताट आलं की हळूच रुमालात घ्यायचं आणि निघायचं. तेवढ्यासाठी मी गरम पदार्थ धोतराच्या ओच्यात न्यायचीही तयारी ठेवली होती.

ताट आलं. हुलग्याचे शेंगोळे होते. हुलग्याच्या आणि ज्वारीच्या पिठाचे हातावर वळलेले, लसणाच्या आमटीत शिजवलेले. आमच्या घरी पावसाळी हवेत दर आठवड्याला होतात तेच. पास्ता म्हणजे हे, असं कुणी मला दिवाळीत सांगितलं असतं तर मी आलो असतो की नाही, ते आता सांगता येत नाही. पुढचं मी जाणूनबुजून केलं नाही. समोर ताट आलं की मी खातो, पस्तीस वर्षांची सवय. मी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि ताटातून मान वर न करता म्हणालो, “मीठ कमी आहे.”

इफ्राने टेबलाखालच्या कप्प्यातून मिठाची वाटी काढून माझ्यासमोर ठेवली. “काकू म्हणालेल्या, ते आले की पहिलं हेच बोलतील. म्हणून वाटी हितंच ठेवून घेतलीय त्यांनी. दर बुधवारी बघतात, हाय का जागेवर.”

मी हात आखडला. कावळा शिवायच्या आधी घरातल्या कुणी अन्नाला तोंड लावायचं नसतं, हे मला तेव्हा आठवलं. माझ्या तोंडात शेंगोळं होतं. ते गिळताही येईना आणि टाकताही येईना. भिंतीवर टोकन नंबरचा पडदा होता, त्यावर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

इफ्रा म्हणाली की काकूंनी हे शेंगोळे तिला शिकवले, चार बुधवार इथे उभं राहून. गाळा चालत नव्हता, ती सोडून जायच्या बेतात होती, आता अकलूजहून आलेले लोकसुद्धा पाटी वाचून हेच मागतात. मग तिने विचारलं, मागच्या बुधवारी काकू का आल्या नाहीत, गावाला गेल्यात का.

दहा दिवसांत मला हे एकदाही बोलावं लागलं नव्हतं. डॉक्टर बोलले, दिग्विजय बोलला, पंचाक्षरींनी कॉलनीच्या फळ्यावर लिहिलं. मी नुसता मान हलवत होतो. मी शेंगोळं गिळलं आणि म्हणालो, “ती गेली, बाळ. आज दहावा आहे.”

इफ्राने डोळे पुसले नाहीत. मग आत गेली आणि स्टीलचा डबा भरून घेऊन आली. शिवकुमार काउंटरवरून पार्सल, पार्सल असं काहीतरी म्हणत आला, तिने त्याला कानात दोन शब्द सांगितले आणि तो माझ्यासाठी काचेच्या दारापर्यंत चालत आला. दार आपोआप उघडतं हे विसरून त्याने ते धरून ठेवलं. फोन माझ्या हातात देताना म्हणाला की मघापासून सारखा वाजत होता, पण सर जेवत होते म्हणून बोलावलं नाही.

डबा मी स्कूटरवर मांडीत घेतला तेव्हा तो ओळखीचा वाटला. झाकणावर माझं नाव कोरलेलं होतं, कोंडीबा माने, लग्नातलं भांडं. फेब्रुवारीत हा डबा हरवला म्हणून मी घरात आठ दिवस डोकं उठवलं होतं, शेवटी भांडी घासणाऱ्या बाईंचा संशय घेतला होता आणि त्या काम सोडून गेल्या होत्या. वच्छला तेव्हा काहीच बोलली नव्हती. माझं नाव माझ्या आधी पाच महिने फूड हॉलमध्ये येऊन राहिलं होतं.

आम्ही ओट्यावर पोचलो तेव्हा बारा व्हायला वीस मिनिटं होती. गुरुजी नव्हते. पाहुणे टॉवेल पिळत होते, दिग्विजय डोक्यावर टोपी घालून उभा होता. पान रिकामं होतं.

“शिवला, बाबा,” तो म्हणाला. “तुम्हाला सात फोन केले.”

मी विचारलं, किती वाजता. दिग्विजय म्हणाला, नक्की सांगता येणार नाही. पिंकी म्हणाली, तिने फोन लावायला घेतला तेव्हा अकरा एकवीस झाले होते. लिंबावरून एकच कावळा सरळ खाली आला आणि त्याने भजी सोडून भाताला चोच लावली.

पंचाक्षरींनी लगेच खुलासा केला. पुढे उभं राहून हातवारे करणारा माणूस निघून गेला, गर्दी पांगली, पाखरू खाली आलं, यात नवल ते काय. मला ते पटलं. तेहेतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे पटायलाच हवं. मी मान हलवली आणि बाळाबाईंकडे गेलो. त्या ओट्याच्या कडेला पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मी म्हणालो, ती सतरा वेळा जाऊन आली होती आणि हे तुम्हाला माहीत होतं.

“व्हय,” बाळाबाई म्हणाल्या. “तिला तुमाला न्यायचं होतं तितं. लई वाट बघितली तिनं. मी हितं तसं बोलले असते तर तुमी गेला असता व्हय?”

मी गेलो नसतो. मी म्हणालो असतो, आता काय उपयोग. ते त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या उठल्या आणि बायकांच्या बरोबर चालू लागल्या. दिग्विजय गाडी आणायला गेला. पंचाक्षरींनी चप्पल परत मागितली, ती मी दिली. माझ्या चपला शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. डबा उघडला. शेंगोळे अजून कोमट होते. गार झाले तरी मी काही बोलणार नव्हतो. इफ्राने झाकणात कागदाच्या पुडीत मीठ दिलं होतं, ती पुडी मी उघडली नाही. सगळे शेंगोळे खाल्ले, आमटी डबा तोंडाला लावून प्यायलो. मग म्हणालो, “मीठ बरोबर आहे.” मोठ्याने म्हणालो, आमच्या जिन्यावर ऐकू जाईल इतक्या. ओट्यावर कुणी नव्हतं. कावळेही जेवून गेले होते.